केसाएवढ्या भिंती

“लोक बसतात आणि माझी झोप उभी राहते,” सासूबाई पुटपुटल्या.

माझ्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर टीव्हीच्या आवाजात ते विरून गेलं असतं. आम्ही दोघी दिवाणाच्या एका कडेला होतो आणि उरलेल्या दिवाणावर शेजारचे काका पाय पसरून मॅच बघत होते. हा दिवाण म्हणजे सासूबाईंचा पलंग. वर चादर घातली की दिवाण, चादर काढली की पलंग. पण चादर कधी काढायची ते सासूबाई ठरवत नाहीत, येणारेजाणारे ठरवतात. स्वयंपाकघर सोडलं तर आमच्या घराला खोल्या दोन. आतल्या खोलीत आम्ही नवराबायको. बाहेरच्या खोलीत सासूबाई, टीव्ही, चपलांचं कपाट, इस्त्रीला जायचे कपडे आणि येईल तो माणूस.

काकांना “आता उठा” असं म्हणता आलं असतं. पण आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हणत नाही. ‘चालेल’, ‘असू दे’ आणि ‘पुरे’ या तीन शब्दांवर आमचा संसार चाललाय. त्यातला ‘पुरे’ खास सासूबाईंचा. भाजी पुरे, पांघरूण पुरे, डॉक्टर पुरे. त्यांना काही कमी पडतंय हे कळायला असं खांद्याला खांदा लावूनच बसावं लागतं.

त्यांची एक मैत्रीण वरच्या मजल्यावर राहते. तिच्या घरात नातवंडांचा गोंधळ, आमच्या घरात टीव्हीचा, म्हणून दोघी रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून बोलतात. कुणी जायला-यायला लागलं की दोघी एकदम गुडघे भिंतीकडे वळवतात, बोलणं थांबवतात, माणूस गेला की गुडघे सरळ करून तुटलेल्या वाक्यापासून पुढे सुरू. आम्ही त्यांना जिन्यावरच्या मावशी म्हणतो. दोघी काय बोलतात ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, आणि जिन्यावर बोलून काही न कळू देणं हे सोपं काम नाही.

पुढे आमच्या मोकळ्या जागेवर घर बांधायचं नक्की झालं आणि आमच्या ह्यांनी प्रत्येकाला काय हवं ते विचारलं, त्या वेळी सासूबाईंनी एवढंच सांगितलं, “मला एक खोली. दार लागेल अशी. आत एक पलंग आणि एक खुर्ची.”

“खुर्ची कशाला? पलंगावर बसता येतंच की,” हे म्हणाले.

“पलंगावर मी बसेन. खुर्ची तिला.”

ह्यांनी ते लिहून घेतलं. मी मोठं स्वयंपाकघर मागितलं, ओट्यासमोर खिडकी असलेलं. ह्यांनी स्वतःसाठी अभ्यासिका मागितली. कशाचा अभ्यास, हे मी विचारलं नाही. माणसाला खोली हवी असली की तिला काहीतरी नाव द्यावं लागतं.

आता ह्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या हुशारीमुळे झालं. हे हिशेब तपासनीस. वेगवेगळ्या कचेऱ्यांत जायचं आणि दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हे यांचं काम. हे येणार म्हटलं की चांगली धडधाकट माणसं आजारपणाची रजा टाकतात. अशा माणसाला घराचा नकाशा काढायला दुसरं कुणीतरी लागावं हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. “आर्किटेक्ट वेगळं काय करतो? जागा एवढी, खोल्या एवढ्या. शेवटी बेरीजच ना?” असं म्हणून त्यांनी चौकटींचा कागद आणला. एक चौकट म्हणजे एक फूट.

पेन्सिल तासणं ही ह्यांच्या हातची कला आहे. यंत्रात घालून फिरवलेली पेन्सिल यांना चालत नाही. ब्लेडनं, हलक्या हातानं, टोक असं काढतात की त्यानं टाके घालावेत. त्या टोकानं त्यांनी आमच्या घराच्या भिंती काढल्या. पुढे बैठकीची खोली, मग एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला आमची खोली, त्यामागे अभ्यासिका, आणि सगळ्यात मागे, शांत, सासूबाईंची खोली. शेजारी न्हाणीघर. प्रत्येक खोलीच्या पोटात मापं लिहिली. मग पुढून मागेपर्यंत सगळ्या मापांची बेरीज केली. ती बांधायला मिळणाऱ्या जागेच्या लांबीशी फुटाला फूट जुळली. बेरीज जुळल्यावर ह्यांच्या तोंडावर जे समाधान पसरतं ते आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा सापडणार नाही.

तो कागद सुंदर होता, हे मी आजही म्हणेन. मी येईल त्याला दाखवत होते. “ह्यांनी स्वतः काढलाय,” असं सांगताना माझा आवाज थोडा चढायचा. काकांनी चष्मा पुसून तो बघितला. काकांनी पूर्वी एकदा घर बांधलेलं आहे. त्या घरात ते राहत का नाहीत ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या अनुभवावर त्यांना या विषयात बोलायचा कायमचा अधिकार मिळालेला आहे.

“आम्ही बांधलं तेव्हा एक गोष्ट शिकलो,” काका म्हणाले. “स्वयंपाकघराची खिडकी ओट्यासमोर घ्यायची नाही. बायका बाहेर बघत बसतात, दूध उतू जातं.”

“माझं दूध भिंतीकडे बघतानाही उतू जातं, काका.”

“तुमची मर्जी. मी आपलं सांगितलं.”

नकाशा मंजूर करून घ्यायला इंजिनियरची सही लागते. ओळखीतला एक इंजिनियर होता. त्यानं कागद उलगडला, डोळे बारीक केले आणि बराच वेळ न्याहाळला. मला वाटलं, तपासतोय. तो सहीला मोकळी जागा शोधत होता.

मग मंजुरीची कचेरी. तिथल्या कारकुनानं पहिल्याच दिवशी नकाशा परत केला, कारण उत्तर दिशेचा बाण नव्हता. हे घरी आले, बाण काढला. दुसऱ्या खेपेला परत, कारण बाण खाली तोंड करून होता. “उत्तर तिकडेच आहे,” हे म्हणाले. “असेल,” कारकून म्हणाला, “पण आमच्याकडे ती वर असते.” ह्यांनी सगळा नकाशा उलटा करून पुन्हा काढला. तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले होते. तेव्हा जागेतलं झाड निघालं.

“हे झाड घराच्या आधीचं की नंतरचं?” कारकुनानं विचारलं.

“घर अजून झालंच नाही,” हे म्हणाले.

“म्हणजे आधीचं. मग त्याचा अर्ज वेगळा.”

“आम्ही झाड तोडणार नाही आहोत.”

“तेच लिहून द्या. न तोडण्याचा अर्ज.”

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद परत पाठवले त्याचे कागद परत येताना बघणं, ही बायकोच्या दृष्टीनं थोडी करमणुकीची गोष्ट आहे. पण बाहेर आल्यावर ते रस्ता ओलांडायला विसरून कठड्याला टेकून उभे राहिले, तेव्हा मी आपली त्यांच्या हातातली पिशवी घेतली. शेवटी नकाशा मंजूर झाला. त्यावर इतके शिक्के बसले की खाली घर आहे हे शोधावं लागत होतं. बाण बघितला, झाड बघितलं, सही बघितली. भिंती कुणीच बघितल्या नाहीत. आणि बघण्यासारखं त्यांत होतं तरी काय? केसाएवढ्या रेघा.

बांधायला कंत्राटदार मिळाला तो गोड बोलणारा. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, “होऊन जाईल.” पाणी कुठून आणणार? होऊन जाईल. विटा कधी येणार? होऊन जातील. आम्ही घरात त्याला होऊनजाईल असंच म्हणायला लागलो. फक्त एकदा सासूबाईंनी त्याला फोनवर तसंच संबोधलं, पण त्यानं ते आशीर्वाद म्हणून घेतलं.

विटा आल्या त्या चुकीच्या रस्त्यानं. आमच्या जागेच्या पाठीला पाठ लावून एका वकिलांचं घर आहे. ट्रकवाला मागच्या गल्लीत शिरला आणि त्यानं वकिलांच्या फाटकासमोर विटांचा डोंगर ओतून दिला. गाडी आत, वकील आत, आणि त्यांची कोर्टात तारीख. काळा कोट घातलेले वकील हातात फायली घेऊन विटांवरून चढताना मी पाहिले. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी एकदा आमच्या जागेकडे नजर टाकली. ती नजर साधी नव्हती. नियमाप्रमाणे घराच्या मागे किती जागा मोकळी सोडायची असते ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्या दिवसापासून रोज सकाळी दात घासत ते कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. आमच्या मागच्या बाजूची एक बोटभर जागासुद्धा आता आमची राहिली नाही.

आखणीच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. जमिनीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिले. एवढंसं?

“आखणीत सगळंच लहान दिसतं,” काका म्हणाले. “आम्ही बांधलं तेव्हा आमची ही तर रडली होती. भिंती उठल्या की मोठं दिसतं.”

हे खरं निघालं. भिंती उठल्या आणि खोल्या खरोखर मोठ्या दिसायला लागल्या. ह्यांचा तर नियमच होता. रोज कचेरी सुटली की टेप घेऊन हजर. प्रत्येक खोलीत आतून माप घ्यायचं, कागदाशी ताडून बघायचं. बैठकीची खोली, बरोबर. स्वयंपाकघर, बरोबर. आमची खोली, बरोबर. अभ्यासिका तर दोनदा मोजली, दोन्ही वेळा बरोबर. तोपर्यंत अंधार पडायचा आणि आम्ही घरी यायचो.

मागच्या बाजूला मी जरा उशिराच गेले. गवंडी एका लहानशा खोलीत उभा राहून वीट ठोकत होता.

“न्हाणीघर छान ऐसपैस झालंय,” मी कौतुकानं म्हणाले.

“न्हाणीघर ते पलीकडचं, वहिनी,” तो म्हणाला. “ही आजींची खोली.”

मी आत गेले. हात पसरले. एक हात या भिंतीला लागला, दुसरा त्या भिंतीला लागायचाच राहिला होता, तोही जरा वाकल्यावर लागला. मी शाळेत भूमितीत जेमतेम निसटलेली बाई. पण तिथं हात पसरून उभी असताना मला जे कळलं ते कुणी न शिकवता कळलं. कागदावर भिंत म्हणजे रेघ. जागेवर भिंत म्हणजे विटा, मधला सिमेंटचा थर, दोन्ही अंगांचा गिलावा. ह्यांच्या नकाशात खोल्या होत्या, दारं होती, खिडक्या होत्या, एक झाडसुद्धा होतं. भिंतींना मात्र जागाच नव्हती. पुढून एकेक खोली पुऱ्या मापाची होत गेली आणि प्रत्येक भिंतीची जाडी मागे मागे सरकत सासूबाईंच्या वाट्याला आली. आणखी मागे सरकायला वाव नव्हता. तिथं कुंपणाशी वकील दात घासत होते.

मी होऊनजाईलला गाठलं. हळूच, म्हणजे हे समोर वाळू बघत होते ते बघून.

“ही खोली एवढी लहान कशी झाली हो?”

त्यानं आवाज खाली आणला. “आखणीच्या वेळीच दिसलं होतं मला, वहिनी. मी म्हटलं, साहेबांनी मुद्दाम ठेवली असेल. म्हातारं माणूस. लागते किती जागा.”

हे वाक्य मला लागलं. त्यानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. बाहेरून बघणाऱ्याला आमचं घर तसंच दिसत होतं. मुलाला अभ्यासिका, सुनेला खिडकी, आणि आईला उरलंसुरलं.

“मग आता?”

“होऊन जाईल. गिलावा झाला की मोठी दिसेल.”

गिलावा झाला. दोन्ही बाजूंनी खोली आणखी बोटभर आत आली.

आता वाचणारा म्हणेल, तू नवऱ्याला सांगितलं का नाहीस? मला स्वतःला मी हे बऱ्याचदा विचारलं. एक तर तो नकाशा मीच गावभर मिरवला होता. दुसरं म्हणजे, दुसऱ्यांच्या चुका काढून ज्याचं घर चालतं त्याला चूक दाखवायची कशी, याचं कुठं शिक्षण मिळत नाही. आणि तिसरं कारण सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते. माझं स्वयंपाकघर कागदाबरहुकूम झालं होतं. ओट्यासमोर खिडकी, खिडकीत ते अर्ज केलेलं झाड. मोडतोड सुरू झाली तर कुठली भिंत कुठं सरकेल याचा भरवसा नव्हता. तेव्हा मी आपली ‘चालेल’ म्हणणाऱ्यांत जाऊन बसले.

आणि खरं सांगायचं तर ह्यांना माहीत होतं. एका संध्याकाळी मी बाहेरच्या नळावर हात धूत होते आणि हे सासूबाईंच्या खोलीत एकटेच टेप धरून होते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजलं. थांबले. मग पलीकडे जाऊन त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत मोजलं. जणू उलट्या बाजूनं खोली जास्त निघेल. मग टेपच तपासली, डोळ्यांजवळ नेऊन. बाहेर आले ते वाळूच्या ढिगावर बसले. नव्या पॅंटला वाळू लागत होती, तरी बसले.

“काय हो?” मी विचारलं.

“टेप जरा ताणली गेलीय,” ते म्हणाले.

“जुनी झाली असेल.”

“हो. नवी घ्यायला हवी.”

तेवढ्यावर आम्ही दोघं घरी आलो. वाटेत ते एकदम नळांच्या तोट्यांविषयी बोलायला लागले. इतका वेळ तोट्यांविषयी बोललेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून ती खोली मोठी दिसण्यासाठी जे केलं त्यात तिची दुप्पट खोली बांधून झाली असती. आधी पांढराशुभ्र रंग दिला, त्यानं ती फ्रीजच्या आतल्या बाजूसारखी दिसायला लागली. काका म्हणाले, “आरसा लावा. आम्ही बांधलं तेव्हा जिन्याखाली लावला होता. जागा दुप्पट होते.” मी म्हटलं, “काका, पण झोपायचं आरशाच्या अलीकडच्याच अर्ध्यात ना?” त्यावर त्यांनी मला सकारात्मक विचार करायला सांगितलं. दार आत उघडत होतं ते पलंगाला अडणार असं दिसलं, म्हणून बाहेर उघडणारं केलं. बाहेर उघडल्यावर ते न्हाणीघराच्या दारावर आपटायला लागलं. म्हणजे सासूबाई खोलीतून निघत असतील तेव्हा न्हाणीघरातल्या माणसानं आतच थांबायचं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. आमच्याकडे गोष्टी आपोआप ठरतात.

मग सुतार आला. त्यानं खोली बघून डोकं खाजवलं आणि म्हणाला, “नेहमीचा पलंग बसणार नाही. आजींची उंची किती? तेवढाच करून देतो.”

हे माझ्याकडे बघायला लागले. होऊनजाईल माझ्याकडे बघायला लागला. मला आयुष्यात बरीच कामं सांगितली गेलीत, पण सासूची चोरून उंची मोजायचं काम पहिल्यांदाच आलं. घरी जाऊन मी त्यांना स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि डोक्यावर पोळपाट धरून खूण केली.

“हे कशाला गं?” त्यांनी विचारलं.

“नव्या घरात फळ्या किती उंचीवर मारायच्या त्याचं माप, आई. तुमचा हात पोचायला हवा.”

“मग हात वर करू का?” म्हणून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाचा उंचावून तशाच उभ्या राहिल्या. मला खोटं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, तरी मी पट्टी घेऊन त्या हातांचंही माप घेतलं. निदान फळ्या तरी खऱ्या माराव्यात म्हणून.

या सगळ्या काळात त्या रोज विचारायच्या, “माझी खोली कुठवर आली?” आणि आम्ही सगळे एकजुटीनं उजेडाविषयी सांगायचो. “उजेड फार छान येतो, आई.” “वारा पण येतो.” “शांत आहे.” एकानंही आकार हा शब्द काढला नाही. त्या जिन्यावर जाऊन मावशींना सांगायच्या, आणि तेवढंच काय ते मला कपडे वाळत घालताना ऐकू यायचं, “उजेड आहे म्हणे. तू खिडकीपाशी बस, तुला दिसत नाही. खुर्ची मी आपली इथलीच नेणार, हात टेकायच्या दांड्या असलेली. तुला उठताना धरायला लागतं.”

घर बघायला मात्र आम्ही त्यांना येऊ देत नव्हतो. आधी खड्डे होते, मग धूळ होती, मग रंगाचा वास होता. कारणं संपत आली तसे हे वारंवार तोट्या बदलायला लागले.

शेवटी सासूबाईंनी आम्हाला विचारलंच नाही. एका रविवारी सकाळी आम्ही नव्या घरात होतो. सुतार तो आखूड पलंग खोलीत ठोकून बसवत होता, होऊनजाईल बाजूला उभा राहून तो किती छान बसतोय ते सांगत होता, आणि काका दाराच्या कड्या उघडून-लावून बघत होते. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. पुढे सासूबाई उतरल्या, मागून जिन्यावरच्या मावशी, आणि दोघींनी मिळून डिकीतून दांड्यांची खुर्ची काढली.

“आई, फोन करायचा, मी आलो असतो,” हे म्हणाले. त्यांचा आवाज कुणीतरी घडी घालून दिल्यासारखा निघाला.

“सुट्टी आहे, म्हटलं जाऊन येऊ. तू तुझं काम कर.”

त्यांनी बैठकीची खोली बघितली, छान म्हणाल्या. माझं स्वयंपाकघर बघितलं, खिडकीशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. अभ्यासिकेत डोकावल्या. आतमध्ये अजून काही नव्हतं, नुसती मोकळी फरशी. “हे मोठं आहे,” मावशी म्हणाल्या. “अभ्यासाला,” सासूबाईंनी सांगितलं. खुर्ची त्यांनी कुणाला धरू दिली नाही.

मग त्या मागच्या खोलीशी आल्या. सुतार बाहेर आला, कारण तो बाहेर आल्याशिवाय कुणाला आत जाता येत नव्हतं. सासूबाई आत गेल्या. पलंगाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मागे वळून खुर्ची आत घेतली. ती पलंग आणि भिंत यांच्यामध्ये अडकली. त्यांनी ती आडवी करून बघितली. मग उलटी.

इथून पुढे आम्ही सगळे एकदम उपयोगी पडायला लागलो.

“तिरपी घ्या, आजी,” सुतार म्हणाला.

“दांड्या कापून टाकता येतील,” होऊनजाईल म्हणाला. “पाच मिनिटांचं काम. होऊन जाईल.”

“आम्ही बांधलं तेव्हा भिंतीला घडीची फळी मारली होती,” काका म्हणाले. “वर केली की भिंत, खाली केली की बाक.”

“खुर्ची बाहेर ठेवू, आई, आणि लागेल तेव्हा,” मी म्हणाले, आणि लागेल तेव्हा काय ते मलाच सुचेना.

खिशातली नवी टेप ह्यांनी बाहेर काढली होती आणि तिचं टोक आत-बाहेर करत होते.

“कशाला त्रास,” मावशी म्हणाल्या. त्या फार समजूतदार बाई आहेत. “तू पलंगावर बस. मी ही अशी दारात बसते.” आणि भिंतीला धरून त्या खाली, न्हाणीघराच्या आणि खोलीच्या मधल्या पायरीवर बसल्या. आम्ही तिकडून जायला लागू असं वाटून त्यांनी गुडघेसुद्धा एका बाजूला वळवले. “बघ, मला काही वाटत नाही. छान ऊबदार आहे.”

सासूबाई पलंगावर बसल्या. पलंग त्यांच्या मापाचा होता, अगदी बरोबर. हातातली खुर्ची त्यांनी समोर उभी धरली होती आणि तिच्या दांड्यांमधून त्या खाली बसलेल्या मावशींकडे बघत होत्या. सुतारानं उगाच एक खिळा तोंडात धरला. आम्ही सगळे त्यांच्या नेहमीच्या एकाच शब्दाची वाट बघत होतो, आणि तो आला की सगळ्यांची सुटका होणार होती. मला तर तो त्यांच्या ओठांवर दिसलासुद्धा.

त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि मुलाकडे बघितलं. ह्यांनी टेप खिशात घातली. मग पुन्हा काढली.

“मला नाही पुरत ही खोली,” सासूबाई म्हणाल्या. “तुझं मोजायचं चुकलंय रे. ती अभ्यासिकेची भिंत पाड.”